सापाचे फ्रोझन उंदीर, साल्मोनेला आणि आपले हात: सोलापुरातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात गेली सात वर्षं एक बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीचा बिनविषारी परदेशी अजगर, आहे. आता शहरात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पाळणारी बरीच मंडळी झाली आहेत, आणि नवा साप घरी आला की माझा फोन वाजतो. चावतो का, किती वाढतो, उन्हाळ्यात काय करायचं, असं सगळं विचारून होतं. सापाला खायला घालायचे म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या उंदरांबद्दल मात्र पहिल्या फोनवर क्वचितच कुणी विचारतं. तो विषय निघतो घरात कुणाचं तरी पोट बिघडल्यावर. तो आधी निघावा म्हणून आजवर आलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

उंदीर महिनोन्महिने बर्फात असतात. जंतू मरत नाहीत का?

नाही. गोठवल्यावर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची वाढ थांबते, काही जंतू मरतातही, पण उरलेले महिनोन्महिने जिवंत राहतात. उंदीर वितळू लागला की ते पुन्हा वाढायला लागतात. शिवाय तो अख्खा असतो, आतड्यांसकट. साल्मोनेलाचा मुक्काम आतड्यातच असतो आणि तिथून तो विष्ठेवाटे केसांवर, पायांवर, शेपटीवर लागलेला असतो. उंदीर निरोगी, पांढराशुभ्र, प्रयोगशाळेतल्यासारखा दिसत असला तरी त्यावरून काहीच कळत नाही. वास येत नाही, रंग बदलत नाही.

म्हणून पाकिटावर काहीही छापलेलं असो, प्रत्येक उंदरात साल्मोनेला आहे असंच धरून चालायचं.

साल्मोनेला म्हणजे टायफॉईडच ना?

घराणं एकच, पण हा आजार वेगळा. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी फक्त माणसात राहतो आणि माणसाकडूनच माणसाला होतो. उंदीर, साप, कासव, कोंबडी यांच्याकडून येतात ते साल्मोनेलाचे दुसरे प्रकार. त्यांनी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. जंतू पोटात गेल्यापासून सहा तास ते सहा दिवसांत कधीही त्रास सुरू होतो, आणि बहुतेकांना चार ते सात दिवसांत बरं वाटतं.

हा फरक सांगण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे ताप आला की विडालची तपासणी होते. ती टायफॉईडसाठी आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून ‘सापाचा काही संबंध नाही’ असं म्हणता येत नाही. हा जंतू शोधायचा तर शौचाचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करावं लागतं.

(नावावरून अनेकांना सॅल्मन मासा आठवतो. माशाचा काही संबंध नाही. डॅनियल साल्मन नावाच्या अमेरिकन पशुवैद्यकावरून हे नाव पडलं.)

खरंच कुणी आजारी पडलंय का, की उगाच भीती घालताय?

पडलेत, आणि मोठ्या संख्येने. ब्रिटनमध्ये २०१५ पासून पुढच्या काही वर्षांत साल्मोनेलाच्या साडेआठशेहून जास्त रुग्णांचा धागा सरपटणाऱ्या प्राण्यांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोचला. त्यात लहान मुलं खूप होती. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने लिथुआनियातून येणाऱ्या अशा उंदरांची आयात बंद केली. अमेरिकेतही २०१० आणि २०१४ मध्ये असे उद्रेक झाले.

आपल्याकडे जुलाब झाले की शौचाचं कल्चर क्वचितच होतं, आणि ‘घरात साप आहे का’ असंही सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे इथे असे रुग्ण मोजलेच जात नाहीत. मोजले जात नाहीत म्हणून ते नाहीत असं मी मानत नाही. का ते पुढे पाण्याच्या प्रश्नात सांगतो.

उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवले तर चालतील?

शक्य असेल तर वेगळा छोटा फ्रीझर घ्या. जुना चालेल, फक्त तो उणे १८ अंशांपर्यंत जायला हवा. तो स्वयंपाकघरात नको. गॅलरीत उन्हात तर मुळीच नको, मे महिन्यात त्याचा कॉम्प्रेसर दम टाकतो.

वेगळा फ्रीझर परवडत नसेल तर उंदीर आधी झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ते सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात असं ठेवा. डब्याला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. खालच्या वस्तूंवर काही गळू नये म्हणून डबा फ्रीझरमध्ये तळाला ठेवा. आईस्क्रीम, बर्फाचा ट्रे, मटार अशा ज्या वस्तू न शिजवता किंवा जेमतेम शिजवून पोटात जातात, त्या या डब्याला लागून नकोत. आमच्याकडे पहिलं वर्षभर हीच व्यवस्था होती. ती पुरेशी नव्हती, असं आज मला वाटतं. डबा बंद असतो, पण तो उघडून बंद करणारा हात त्यानंतर फ्रीजच्या मुठीला लागतो, आणि त्या मुठीला घरातला प्रत्येकजण दिवसातून वीसदा हात लावतो.

पार्सल पोचेपर्यंत उंदीर मऊ पडले. काय करू?

पाकिटावरून दाबून बघा. उंदराच्या पोटात अजून टणक बर्फ लागत असेल आणि पाकीट फ्रीजमधून काढल्यासारखं थंडगार असेल, तर लगेच फ्रीझरमध्ये टाका. पूर्ण मऊ आणि कोमट लागलं तर फेकून द्या. पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, मला माहीत आहे. माझं एक पार्सल एप्रिलमध्ये दुपारभर एका ऑफिसच्या पायरीवर पडून होतं. थर्माकोलची पेटी उघडली तेव्हा पोटं फुगून हिरवट झाली होती. वीस उंदीर गेले. तेव्हापासून मार्च ते जून मी मागवतच नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू असते तेव्हाच उन्हाळ्याचा साठा करून ठेवतो, आणि पार्सल रात्रीच्या गाडीने येईल, सकाळी उतरवून घेता येईल, असं बघतो.

पार्सलची पेटी ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर उघडू नका. बाहेर, फरशीवर, वर्तमानपत्र अंथरून उघडा. पेटीतला वितळलेला बर्फ हे घाण पाणी आहे. ते मोरीत ओता आणि मोरी धुवा. ते थर्माकोल पुन्हा कशालाही वापरू नका.

वीज गेली तर?

फ्रीझरचं दार उघडू नका, ही पहिली गोष्ट. ठासून भरलेला स्वतंत्र फ्रीझर बंद ठेवला तर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्याला हा हिशोब लावू नका, आणि सोलापूरच्या ४३ अंशांत तर अजिबात नको.

आपण गावाला गेलेलो असताना वीज जाऊन परत आली असेल तर कळणार कसं? एका वाटीत पाणी घालून गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ती वाटी उंदरांशेजारीच ठेवून द्या. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर सगळं ठीक आहे. नाणं बर्फात तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं. तो साठा टाकून द्या. वरून तो छान टणक दिसतो आणि फसगत होते ती नेमकी तिथेच.

उंदीर वितळवायची बरोबर पद्धत कोणती?

आदल्या रात्री एक उंदीर काढा, झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. तिथे तापमान पाच अंशांच्या आत असतं, त्यामुळे वितळतानाही जंतू फारसे वाढत नाहीत. छोटी पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू) काही तासांत वितळते. मोठ्या रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) अख्खी रात्र आणि सकाळ लागते.

ओट्यावर उघडं ठेवून वितळवू नका. आपल्याकडे एप्रिलमध्ये घरात ३५-३६ अंश असतात. उंदराचे पाय आणि कान अर्ध्या तासात मऊ पडतात, पण पोटात गोळा तसाच राहतो. तो गोळा वितळेपर्यंत बाहेरच्या भागात जंतूंची पैदास सुरू झालेली असते.

खायला घालायच्या वेळी पिशवी न उघडता ती कोमट पाण्यात सोडा. पाणी ३८ ते ४० अंश, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागेल इतकं. त्यासाठी एक वेगळा डबा असू द्या आणि तो कधीही स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. दहा-पंधरा मिनिटांनी पिशवीवरूनच पोट चाचपून बघा. बोटाखाली सगळीकडे सारखं मऊ लागायला हवं. मध्ये सुपारीएवढं काही टणक लागलं तर पाणी बदलून पुन्हा ठेवा.

पिशवी उघडताना नीट पाहा. तळाशी चमचाभर गुलाबीसर पाणी जमलेलं असतं. नाकातून, तोंडातून, शेपटीखालून ते झिरपतं. ते दिसायला अगदीच मामुली असतं, पण सगळ्या प्रकारात सर्वांत धोकादायक तेच. पिशवी तिरकी झाली की ते फरशीवर सांडतं, चटकन पायपुसण्याने पुसलं जातं आणि पायपुसणं घरभर फिरतं. म्हणून पिशवी मोरीतच उघडा, तोंड वर धरून. लांब चिमट्याने उंदीर शेपटीपाशी उचला. ती पिशवी पुन्हा वापरू नका. गाठ मारून सरळ कचऱ्यात टाका.

मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवला तर?

नको. कुठे शिजतो, कुठे बर्फच राहतो, आणि पोट फुटलं तर ज्या ओव्हनमध्ये बाळाचं दूध गरम होतं त्याच्या आत सगळीकडे आतड्यातलं उडतं. उकळत्या पाण्यातही टाकू नका. कातडी शिजून फाटते. जंतू मारायचे म्हणून पूर्ण उकडलेला उंदीर सापाच्या उपयोगाचा राहत नाही.

आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. हात धुवायला वाहतं पाणी कुठून आणू?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न.

इंग्रजी पुस्तकांत सगळीकडे लिहिलेलं असतं: वाहत्या पाण्याखाली साबणाने वीस सेकंद हात धुवा. सोलापुरात उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. ज्यांच्याकडे वरची टाकी आहे त्यांचं ठीक, पण पेठांमधल्या आणि चाळींमधल्या कितीतरी घरांत पाणी पिंपात असतं, आणि हात धुणं म्हणजे पिंपातून तांब्या भरून घेणं. आता क्रम बघा. साप उंदीर घेतो, तुम्ही चिमटा ठेवता, मोरीत येता, मळक्या हाताने तांब्याचा काठ धरता, तांब्या पिंपात बुडवता. बोटांची पेरं पाण्यात जातात. हात धुऊन स्वच्छ होतात. त्या पेरांवरचं जे काही होतं ते पिंपात राहिलं, आणि ते पाणी अजून तीन दिवस घरातले सगळे वापरणार आहेत.

चार वर्षांपूर्वी सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्याला, तेव्हा तो तीन वर्षांचा होता, कडक ताप आणि जुलाब झाले. दोन दिवसांनी शौचात रक्त दिसलं, तेव्हा त्याला दाखल केलं. कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला. तो आमच्या घरातल्या उंदरांतूनच आला हे कुणी सिद्ध केलं नाही, बाहेरच्या खाण्यातूनही येऊ शकला असता. पण त्याच्या आईच्या शेजारी बाकावर बसलो असताना मला आदला शनिवार आठवत होता. मी सापाला खायला घातलं, पिंपात तांब्या बुडवला, हात धुतले. रात्री भाच्याने त्याच पाण्याने चूळ भरली. तो आठवडाभरात बरा झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात हा क्रम बदलला.

आता असं करतो. उंदराच्या पिशवीला हात लावायच्या आधी, हात स्वच्छ असतानाच, तोटी असलेली छोटी बादली भरून मोरीच्या कट्ट्यावर ठेवतो. तोटी अशी निवडली आहे की ती कोपराने उघडते आणि बंद होते. साबणाची वडी नाही, दाबायची बाटली आहे, तीही मनगटाने दाबतो. वडी ठेवली तर ती फक्त याच कामाची, वेगळ्या रंगाची. काम झालं की कोपराने तोटी उघडायची, हात ओले करायचे, तोटी बंद, मग वीस सेकंद चोळायचं: नखांखाली, अंगठ्याच्या बुडाशी, अंगठी असेल तर ती काढून. मग पुन्हा तोटी उघडून धुवायचे. अर्धा-पाऊण लिटर पाणी खूप झालं. तोटीची बादली नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हातावर पाणी घालायला सांगा, पूर्वी अंगणात पाय धुवायला घालायचे तसं. हात स्वतःच्या टॉवेलला पुसा, मोरीतल्या सगळ्यांच्या टॉवेलला नको.

पाणी कमी आहे म्हणून हात धुणं कमी करू नका. दुसरीकडे कुठेही काटकसर करा.

ग्लोव्ह्ज घातले तर हात धुवायची गरज नाही ना?

आहे. ग्लोव्ह्ज काढताना बाहेरची बाजू हाताला लागतेच, बारीक छिद्रंही असतात. शिवाय ग्लोव्ह्ज घातलेला माणूस बेफिकीर होतो. त्याच हाताने दाराची कडी काढतो, फोन उचलतो.

फोनवरून आठवलं. साप उंदीर पकडतो त्या क्षणाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. चिमटा डाव्या हातात, फोन उजव्या हातात, आणि तोच फोन पाच मिनिटांनी जेवणाच्या ताटाशेजारी किंवा मुलाच्या हातात. फोटो हवाच असेल तर दुसऱ्या माणसाने काढावा.

सॅनिटायझर पुरेसं आहे का?

पाणी नसेल तेव्हा काहीच नसण्यापेक्षा बरं. पण हाताला रक्त, चरबी किंवा विष्ठा लागलेली असेल तर त्या थराखाली सॅनिटायझर पोचत नाही. आधी साबण.

चिमटा, डबा, फरशी कशाने स्वच्छ करू? फिनेल चालेल?

फिनेल सापाच्या पेटीत आणि चिमट्याला नको, ते सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक ठरू शकतं. आधी साबण आणि पाण्याने घाण पूर्ण काढा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. मग ब्लीच. साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवा. वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत सोडू नका.

मिश्रण रोज ताजं करा. ब्लीचची बाटलीही उन्हाळ्यात उष्णतेने कमजोर होत जाते, म्हणून ती सावलीत ठेवा आणि वर्ष-वर्ष जुनी वापरू नका. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ब्लीच चुकूनही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो, छोट्या बंद मोरीत तर माणूस गुदमरतो.

सापाची पेटी आणि पाण्याचं भांडं कुठे धुवायचं?

स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. मोरीत धुवायचं तर अंघोळीच्या बादल्या, मग आणि बाळाचा टब आधी बाहेर काढा, आणि नंतर मोरी ब्लीचने धुवा. ज्यांना अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी तिथे धुवावं. फक्त ते पाणी शेजाऱ्यांच्या दारात वाहत जाणार नाही असं बघा. सापाने पाण्याच्या भांड्यात शी केली असेल तर ते पाणी संडासात ओता.

घरात लहान मूल आहे. साप देऊन टाकावा लागेल का?

पाच वर्षांखालच्या मुलांना हा आजार जास्त होतो आणि जास्त जोराचा होतो. तान्ह्या बाळांमध्ये जंतू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. आणि बाळाने सापाला हात लावलाच पाहिजे असं नाही. मोठ्यांच्या हातावरून, कपड्यांवरून जंतू बाळापर्यंत जातात. म्हणून परदेशातले आरोग्य विभाग पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नका असाच सल्ला देतात. कासवांच्या बाबतीत तर अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली, कारण मुलं ती तोंडात घालत होती.

माझं स्पष्ट मत असं: घरात नवीन बाळ येणार असेल किंवा वर्षाच्या आतलं मूल असेल, तर साप दोन-तीन वर्षांसाठी अनुभवी मित्राकडे ठेवा. मूल मोठं असेल आणि साप ठेवणारच असाल, तर सापाची खोली वेगळी, दाराला वरची कडी, आणि खायला घालायचा दिवस मूल झोपल्यावर. उंदीर, चिमटा, वितळवायचा डबा यांना मुलांनी हात लावायचा नाही, ‘मदत करू दे’ म्हणून रडली तरी नाही. खायला घालून झाल्यावर हात धुवाच, पण मुलाला उचलण्याआधी शर्टही बदला.

आणि आजी-आजोबा?

पासष्टीपुढची माणसं, गरोदर बायका, मधुमेह असलेले, कॅन्सरवर उपचार चालू असलेले किंवा किडनी बदललेले, या सगळ्यांना धोका जास्त. एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठ मंडळी सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतात. पोटातलं ॲसिड साल्मोनेलाला अडवणारी पहिली भिंत आहे. गोळीने ती खुजी होते आणि थोडे जंतूही आजार करायला पुरतात. गोळी मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण आजोबांना सापाच्या कामापासून दूर ठेवा.

सापळ्यात सापडलेला उंदीर घातला तर? फुकटचा आहे, ताजा आहे.

कृपया नको. पेठेतल्या दुकानांत, धान्याच्या गोदामांत उंदीर मारायचं औषध सर्रास ठेवलेलं असतं. ते खाल्लेला उंदीर दोन-तीन दिवस चालता-फिरता असतो, त्याच्या पोटातलं विष सापाला मारू शकतं. त्यात साल्मोनेलासोबत लेप्टोस्पायरासारखे जंतू आणि जंतही येतात.

मग जिवंत पाळीव उंदीर आणून घालणं फ्रोझनपेक्षा सुरक्षित?

साल्मोनेलाच्या बाबतीत काहीही फरक नाही, उलट पिंजरा, भुसा, लेंड्या असं सगळं घरात वाढतं. जिवंत उंदीर माणसाला चावतो आणि सापालाही चावतो. भूक नसलेल्या सापाच्या पाठीचा लचका रात्रभरात तोडलेला मी पाहिला आहे. फ्रोझनच घाला.

चिकनचे तुकडे? कोंबडीतही साल्मोनेला असतो, आणि सापाला हाडं-आतड्यांसकट अख्खा प्राणी लागतो.

सापाची तपासणी करून घेतली, निगेटिव्ह आली. आता निश्चिंत?

साप जंतू सतत बाहेर टाकत नाही, अधूनमधून टाकतो. आज निगेटिव्ह, पुढच्या महिन्यात पॉझिटिव्ह, असं होतं. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नांदत असतो आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. ‘जंतू घालवायला’ म्हणून धडधाकट सापाला अँटिबायोटिक देऊ नका. जंतू पूर्ण जात नाहीत, औषधाला दाद न देणारे तेवढे मागे उरतात, आणि तेच पुढे तुमच्या मुलाला झाले तर डॉक्टरांच्या हातातलं औषधही चालत नाही.

सापाने उंदीर खाल्लाच नाही. परत फ्रीझरमध्ये ठेवू?

पुन्हा गोठवून पुन्हा घालायचा नाही. पेटीच्या गरम बाजूला ३१-३२ अंश असतात, तिथे दोन-तीन तासांत उंदीर खराब व्हायला लागतो. चिमट्याने काढा, कागदात गुंडाळा, दोन पिशव्यांत बांधा. घंटागाडी सकाळी येणार असेल तर तोवर त्याच लाल पट्टीच्या डब्यात ‘टाकायचा’ असं लिहून गोठवून ठेवा, वास येत नाही आणि माशा बसत नाहीत. उघड्या नाल्यात किंवा कोपऱ्यावरच्या ढिगावर टाकू नका. कुत्री आणि डुकरं पिशवी फाडतात आणि गल्लीतली पोरं तिथेच खेळत असतात.

घरात कुणाला जुलाब लागले तर?

पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम, आणि घोट-घोट देत राहा. तोंडाने घेता येत असेल आणि उलटीत पडत नसेल तर सलाईनचा आग्रह धरू नका.

शौचात रक्त, १०२ च्या वरचा ताप, लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं, तीन दिवसांत उतार न पडणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. बाळ, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस असेल तर एवढी वाटही बघू नका. जवळ खासगी डॉक्टर नसेल तर सिव्हिलला जा. आणि स्वतःहून सांगा: ‘आमच्याकडे साप आहे, घरात गोठवलेले उंदीर हाताळतो.’ सांगायला संकोच वाटतो, डॉक्टर काय म्हणतील असं वाटतं. पण त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका. साध्या आजारात त्याची गरज नसते आणि त्याने जंतू शरीरात जास्त दिवस रेंगाळू शकतात. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवायची गोळीही नको. बरं वाटल्यावरही काही आठवडे शौचातून जंतू पडत राहतात, म्हणून त्या माणसाने तेवढे दिवस इतरांसाठी स्वयंपाक न केलेला बरा.

घरचे शाकाहारी आहेत. फ्रीझरमध्ये उंदीर म्हटल्यावर रामायण होईल.

लपवून ठेवू नका, एवढंच मी कळकळीने सांगेन. काळ्या पिशवीत, आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लपवलेले उंदीर मी पाहिलेत. एका घरात आजीने नातवासाठी आईस्क्रीम म्हणून तो डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला होता. जे माहीतच नाही त्यापासून माणूस सांभाळणार कसा? अशा घरात वेगळ्या फ्रीझरचे पैसे जमेपर्यंत साप आणू नका. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यापासून सगळं लांब ठेवतो, माझं मी धुतो, असं दाखवून द्या. आमच्या आईचा विरोध दोन वर्षांनी मावळला, तोही मी मोरी रोज धुतो हे तिने पाहिल्यावर.

कुठला साप पाळता येतो?

नाग, धामण, मण्यार, घोणस, दिवड असा आपल्या रानातला कुठलाही साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात निघाला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवा. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकत घेताना कागद मागा.

आठ दिवस गावाला चाललोय. खायला घालायचं काम शेजाऱ्यांवर सोपवू का?

नको. मोठा बॉल पायथन दहा-पंधरा दिवसांनी एकदा खातो, आठ दिवसांत त्याला काही होत नाही. जायच्या तीन-चार दिवस आधी खायला घाला, म्हणजे पचनही होतं. शेजाऱ्यांना फक्त पाण्याचं भांडं बदलायला सांगा, आणि तेही घरात लहान मूल नसलेल्यांना. जाताना तोटीची बादली भरून, साबणाची बाटली आणि एक धुतलेला टॉवेल मोरीत ठेवा, आणि कोपराने तोटी कशी उघडायची ते एकदा करून दाखवा.